‘घरबसल्या’ हा शब्द आधी टाकून द्या



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातल्या कितीतरी सुना-मुलींनी हाताने केलेल्या दागिन्यांचे ऑनलाइन दुकान मांडले आहे. कुणी नथी करते, कुणी ठुशी-चिंचपेटी ओवते, कुणी टेराकोटाचे झुमके करते, कुणी क्रोशाचे हार विणते. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण या दुकानांबद्दल आपण ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेचा मला मनापासून राग येतो.

“घरबसल्या काहीतरी करते.” “तेवढाच विरंगुळा.” “मुलं शाळेत गेली की रिकाम्या वेळात करते.” “हातखर्चापुरते सुटतात चार पैसे.”

बोलणारे वाईट हेतूने बोलत नाहीत, हे मला मान्य आहे. पण जरा विचार करा. आपल्या समाजातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसूनच धंदा करत आले. त्यांना कधी कुणी “गादीबसल्या काहीतरी करतात” असे म्हटले आहे का? ते बसतात तेव्हा ‘पेढीवर’ असतात आणि त्यांच्या सुना बसतात तेव्हा ‘घरीच’ असतात. बसणे तेच, हात मात्र सुनेचे जास्त चालतात.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. जे काम ‘रिकाम्या वेळात’ होते, त्या वेळेला किंमत लावायची नाही असे ठरूनच जाते. वेळेला किंमत नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून हिशोब नाही, आणि हिशोब नाही म्हणून ते दुकान कुणाच्या मालकीचे हा प्रश्नसुद्धा कुणाला पडत नाही. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. ऑनलाइन दुकानाची सुरुवात सुंदर फोटोपासून होत नाही, वहीपासून होते. त्या वहीत मजुरी लिहिलेली पाहिजे, आणि वहीवर नाव जिचे हात राबतात तिचे पाहिजे.

घडणावळ कुणाला चुकली आहे?

सराफाच्या पायऱ्या चढलेल्या प्रत्येक बाईला बिल वाचता येते. सोन्याचा त्या दिवसाचा भाव, दागिन्याचे वजन, त्याखाली घडणावळ आणि शेवटी जीएसटी. घडणावळीवर आपण घासाघीस जरूर करतो. पण “घडणावळ कशाला लावली, तुम्ही तर दुकानात बसूनच होता,” असे कुणी सराफाला ऐकवत नाही. आपल्या कोल्हापूरजवळच्या हुपरीचे बघा. हुपरीची चांदीची पैंजणे देशभर जातात आणि त्या गावात घरोघरी चांदीकाम चालते. तिथेही चांदीचा भाव वेगळा आणि मजुरी वेगळी धरतात. धातू कुणाचाही असो, त्यावर चाललेल्या हाताला मोल आहे, हे दागिन्यांच्या धंद्याने फार पूर्वीपासून मानले आहे.

मग आपल्याच सुनेने मान मोडून ओवलेल्या हाराला घडणावळ का नाही?

माझी बी.कॉम.ची पदवी १९८२ ची. नोकरी केली नाही, पण डेबिट-क्रेडिट विसरले नाही. नात्यातल्या दोन-तीन मुली आपापल्या दुकानाच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यातला एक नमुन्याचा हिशोब इथे मांडते. आकडे सोपे करून घेतले आहेत.

एक हार. मणी, तार, हूक, गोंडा मिळून १४० रुपये. डबी, बबलचे प्लॅस्टिक, चिठ्ठी मिळून ३५. कुरिअर ७०, कारण जाहिरातीत “घरपोच मोफत” लिहिले आहे. एकूण खर्च २४५. हार विकला ४५० ला. हातात उरले २०५. मुलगी खुशीत म्हणते, “मावशी, एका हारामागे दोनशे पाच रुपये नफा!”

मी तिला विचारते, वेळ किती गेला? ओवायला अडीच तास. फोटो काढणे, “दुसऱ्या रंगात आहे का”, “लांबी वाढवून मिळेल का” या निरोपांना उत्तरे देणे, पार्सल बांधणे आणि कुरिअरवाल्याकडे जाऊन येणे यात आणखी एक तास. एकूण साडेतीन तास. २०५ ला साडेतीनने भागले तर तासाला ५९ रुपयेही पडत नाहीत. आणि नणंदेच्या मैत्रिणीला शंभर रुपये कमी केले असतील तर हिशोब तासाला ३० रुपयांवर येतो. आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना आपण तासाला काय देतो ते मनात आणा. शिकलेली सून, डोळ्यांना ताण देणारे बारीक काम, आणि मोबदला त्याहून कमी!

याला नफा म्हणत नाहीत. मजुरी हा खर्च आहे. ती वजा केल्यावर जे उरेल तो नफा. कॉमर्सच्या पहिल्याच वर्षात हे शिकवतात. तासाला १०० रुपये धरले तरी साडेतीन तासांचे ३५० होतात. त्यात २४५ मिळवा, ५९५ झाले. तुटफूट, परत आलेला माल, पडून राहिलेला माल यासाठी ६० धरा. ६५५ झाले. पुढचा कच्चा माल घ्यायला, धंदा वाढवायला ९५ रुपये नफा. या हाराची प्रामाणिक किंमत ७५० रुपये आहे.

आता लगेच प्रश्न येईल, आणि तो खोटाही नाही. “साडेसातशेला कोण घेणार? बाजारात असाच हार अडीचशेला मिळतो.” मिळतो ना. तो साच्यात हजारांनी निघतो. मग साच्याशी बरोबरी करायची कशाला? साचा जे करू शकत नाही ते विका. आजीचा तुटलेला हार त्याच मण्यांत पुन्हा ओवून द्या. ज्यांची मान बारीक आहे किंवा भरलेली आहे, त्यांना मापाने करून द्या. साडीचा काठ पाहून मणी निवडून द्या. किंवा एकेक हार करण्याऐवजी एकाच नमुन्याचे दहा हार एकदम बसून करा, म्हणजे एका हाराचा वेळ खाली येईल. आणि एवढे करूनही एखाद्या वस्तूत मजुरी सुटतच नसेल, तर ती वस्तू यादीतून काढून टाका. पण किंमत कमी करण्यासाठी आपली मजुरीच शून्य धरायची, हा मार्ग मला मान्य नाही. ती स्वस्ताई गिऱ्हाइकाला दिलेली सवलत नसते, आपल्या सुनेच्या पाठीतून आणि डोळ्यांतून काढलेली वसुली असते.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्याजणी सांगतो. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. “बघा, घरबसल्या केवढं उभं केलं,” असे म्हणून आपण थांबतो. खरे म्हणजे यातला धडा उलटा आहे. तिथे लाटणाऱ्या बहिणीला लाटण्याची मजुरी मिळते, आणि ती संस्थेची नोकर नव्हे तर मालकीण मानली जाते. पापड घरी लाटले जातात, पण हिशोब घरगुती नाही. मोठेपण त्या हिशोबात आहे.

दुकान नक्की कुणाचे?

आता जरा कडू बोलते.

माझ्या परिचयातल्या एका घरात धाकट्या सुनेने दागिन्यांचे दुकान सुरू केले. “तुला त्यातलं काय कळणार” म्हणून दिराने सगळे मांडून दिले. फोन नंबर त्याचा, ईमेल त्याचा, बँकेचे खाते त्याचे. हेतू चांगलाच होता. सहा वर्षे तिने मणी निवडले, ओवले, फोटो काढले, रात्री अकरापर्यंत गिऱ्हाइकांना उत्तरे दिली. पान नावारूपाला आले. मग भाऊ वेगळे झाले. वाटणीच्या वेळी जमीन, घर, पेढी यांच्या यादीत हे दुकानही आले आणि ते दिराच्या बाजूला धरले गेले. कागदावर सगळे त्याचेच होते. सहा वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांची नावे, त्यांनी लिहिलेली दाद, खात्यातली शिल्लक, सगळे तिकडे गेले. सुनेच्या वाट्याला मण्यांचे डबे आणि पक्कड आली. कुणी लबाडी केली नाही. कुणी विचारच केला नाही, हे त्याहून वाईट.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्याला, म्हणजे जैनांनाही लागू आहे. बाईने स्वतःच्या कौशल्याने वा कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची, असे त्याचे चौदावे कलम सांगते. कायदा आपल्या बाजूने आहे. पण कायद्यापुढे उभे राहायला कागद लागतो, आणि आपल्या घरांत कागद करताना बाईचे नाव पुढे येत नाही.

म्हणून दुकान मांडण्याआधी इतके करा, आणि हे करून घेण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका.

दुकानासाठी वेगळे सिमकार्ड घ्या आणि ते तुमच्या आधारवर घ्या. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, दुकानाची किल्ली त्याच्याकडे असते. ईमेल तुमचा, पासवर्ड तुम्हाला पाठ. बँकेत एकटीच्या नावाचे खाते आणि पैसे स्वीकारण्याचा क्यूआर कोड त्याच खात्याचा. तुमचे पॅन कार्ड. त्यानंतर उद्यम नोंदणी. ती सरकारी संकेतस्थळावर आधारच्या आधारे होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. कुणी एजंट हजार रुपये मागत असेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या. पुढे कर्ज लागले तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळण्याची सोय आहे. पण बँक तुमच्या नावाचे कागद बघणार, दिराच्या नावाचे नाही.

जीएसटीची भीती घालणारे भेटतीलच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकायचा आणि वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांतून विकायला पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना तिथेही सूट मिळाली. जीएसटीच्या पोर्टलवर नाव नोंदवून क्रमांक घेतला की झाले. परराज्यात माल पाठवायचा तर नियम वेगळे आहेत. हस्तकलेच्या वस्तूंना त्यातही काही सवलत आहे, पण ती आपल्या मालाला लागू होते का हे विचारून घ्या. आपल्या समाजात दर दुसऱ्या घरात एक सीए आहे. लग्नाच्या पंगतीत आपण ज्याला आग्रहाने वाढतो, त्या भाच्याला एक फोन करायला काय हरकत आहे?

आणखी एक. दुकान व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर मांडा, इन्स्टाग्रामवर मांडा, की एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारात गाळा घ्या, गिऱ्हाइकाचे नाव, गाव, तिने काय घेतले आणि तिला कोणता रंग आवडतो हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. तो बाजार उद्या कमिशन वाढवेल, खाते बंद करेल, किंवा तुमचे पान शंभराव्या क्रमांकावर ढकलेल. गिऱ्हाईक वहीत असेल तर दुकान दुसरीकडे हलवता येते.

भाव झाकू नका, माल झाकू नका

सासरच्यांना बोलून झाले. आता दुकानदारणींना दोन शब्द, कारण चूक एकाच बाजूची नसते.

सुंदर हाराचा फोटो आणि खाली ओळ, “किमतीसाठी मेसेज करा.” का? किंमत म्हणजे काय लाजायची गोष्ट आहे? पुण्याची वहिनी विचारते तेव्हा ९००, गावाकडची जाऊ विचारते तेव्हा ६००, आणि जिने फार घासाघीस केली तिला ५००. माणूस बघून भाव सांगणे ही हुशारी नाही. ज्या दिवशी त्या दोघी एका लग्नात तोच हार घालून शेजारी बसतील, त्या दिवशी तुमची पत संपली. ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्याने एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी आणि संपर्काचा पत्ता स्पष्ट दाखवावा, असे २०२० चे ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियमही सांगतात. शिवाय ज्यांना मजुरीची लाज वाटते, त्याच किंमत झाकतात, असा माझा अनुभव आहे. मजुरी धरून ७५० ठरले ना? मग ७५० मोठ्या अक्षरात लिहा आणि सगळ्यांना तेच सांगा.

आणि मालाबद्दल खरे लिहा. स्वाध्यायात आपण अचौर्य अणुव्रताचे अतिचार ऐकतो. त्यात प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली नकली खपवणे. हीनाधिक मानोन्मान आहे, म्हणजे माप-वजनात लबाडी. विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचे नियम चुकवून केलेला व्यापार. हे आपण पेढीवर बसणाऱ्या पुरुषांसाठी सांगितले आहे असे समजून ऐकतो. आता दुकान आपले आहे, तर हे आपल्यालाच सांगितले आहे.

‘वन ग्रॅम सोने’ हे नाव घ्या. खाली तांबे किंवा पितळ, वर सोन्याचा पातळ मुलामा. घेणारीला वाटते की निदान एक ग्रॅम सोने तरी असेलच. तुम्ही सरळ लिहा, “पितळेवर सोन्याचा मुलामा, घाम-पाण्याने उतरतो.” सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, मुलाम्यावर तो असणार नाही, हेही सांगून टाका. कानातल्याच्या तारेत निकेल असेल तर लिहा, पुष्कळ जणींच्या कानाला ते सोसत नाही.

मोत्यांचे तर विचारूच नका. नथीला बसरा मोती लावण्याची जुनी रीत आहे, आणि मोती म्हणजे शिंपल्यातल्या जिवावर घातलेला घाला. पोवळे हेही समुद्रातल्या जिवाचेच घर. लाख किड्यांपासून मिळते आणि दागिन्यांच्या पोकळीत भरायला ती वापरतात. पट्ट्याचा दोरा रेशमी असेल तर त्यामागे कोशातले किडे. काही नकली मोत्यांवर जी झळाळी असते, तीसुद्धा माशांच्या खवल्यांपासून काढलेली असू शकते. माल घेतानाच व्यापाऱ्याला विचारा. आपण सुती किंवा नायलॉनचा दोरा, काचेचे मणी, लाकूड, धातू यांवर काम करत असू तर तसे ठळक लिहा. “यात मोती, पोवळे, लाख, रेशीम नाही.” ही ओळ वाचून विकत घेणाऱ्या बायका फक्त आपल्या समाजात नाहीत, बाहेरही आहेत. खरे लिहिण्याने धंदा बुडतो असे म्हणणाऱ्यांनी एकदा लिहून तर बघावे.

फोटो खिडकीच्या उजेडात काढा, रंग बदलणारे फिल्टर नकोत. हाराशेजारी मोजपट्टी ठेवा, मागची बाजूही दाखवा. लांबी सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. नाकातले-कानातले परत घेणार नसाल तर ते आधी लिहा, विक्री झाल्यावर नाही. पार्सल बांधताना फोनवर चित्रण करून ठेवा. पैसे आधी, माल नंतर. आणि पैसे आल्याची खात्री आपल्या बँकेच्या खात्यात पाहून करायची, समोरच्याने पाठवलेल्या फोटोवर नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, समोर गिऱ्हाईक नाही, चोर आहे.

“घरात कसला हिशोब?”

एवढे सांगितले की हमखास दोन आक्षेप येतात.

पहिला, “घरच्यांशी हिशोब केला की माया आटते.” मला सांगा, भावाभावांच्या भागीदारीत हिशोब लिहितात तेव्हा माया आटते का? उलट जिथे लिहिलेले नसते तिथेच कोर्टकचेऱ्या होतात. नात्यातल्यांसाठी नियम सोपा ठेवा. एक तर भेट द्या, नाही तर पूर्ण किंमत घ्या. भेट दिली तर वहीत ‘भेट’ म्हणून लिहा, पुढे तिचे नाव काढू नका. पण “आपल्यातलीच आहेस, निम्म्यात दे” हे नको. आपल्यातलीच आहे म्हणून तर तिने पूर्ण पैसे मोजावेत. परक्यांनी मान द्यायचा आणि आपल्यांनी फुकट न्यायचे, ही कुठली माया?

दुसरा आक्षेप धर्माच्या नावाने येतो. “आपला धर्म अपरिग्रह सांगतो. बायकांनी पैशामागे कशाला लागायचं?” हे ऐकले की मला हसूही येते आणि चीडही येते. श्रावकाला सांगितले आहे ते परिग्रहाचे परिमाण. परिमाण म्हणजे माप. आपल्याकडे जे आहे ते मोजायचे आणि त्याला मर्यादा घालायची. जिच्या नावावर काहीच नाही, तिने मर्यादा कशाला घालायची आणि सोडायचे काय? नवऱ्याच्या पैशातून केलेल्या दानाची पावती त्याच्या नावाने फाटते, मंदिरातली बोली त्याच्या नावाने पुकारली जाते, आणि त्याग मात्र आपण करायचा! आधी स्वतःचे शंभर रुपये मिळवू द्या. मग त्यातले वीस देताना हाताला जे वाटते, ते वाटू द्या. हिशोबाशिवाय अपरिग्रह म्हणजे नुसती रिकामी ओंजळ. ती रिकामी आहे यात तिचे पुण्य काही नाही.

आता आपण सासवांनी काय करायचे, ते सांगून थांबते.

आपल्या घरात जेवण सूर्यास्ताआधी. म्हणजे चार वाजल्यापासून सुनेचे हात स्वयंपाकात. कुरिअरचे पार्सल द्यायची वेळही नेमकी तीच, साडेचार-पाचची. रोज ओढाताण होते आणि रोज दुकानच मागे पडते. पेढीवरच्या मुलाला आपण कधी म्हणतो का, “गिऱ्हाईक राहू दे, आधी कोशिंबीर कर”? पार्सल द्यायला सासरे गेले, नवरा गेला, किंवा आपण स्वतः गेलो तर आपला मान कमी होत नाही. कोशिंबीर मी केली तर माझ्या हाताला काही होत नाही. सकाळचे दोन तास सून मणी घेऊन बसली की तिच्या खोलीचे दार म्हणजे दुकानाचे दार समजा. “अगं, जरा गॅस बघ” अशी हाक मारायची नाही. कुणी पाहुणी आली आणि तिने विचारले, “सूनबाई काय करतात?” तर “घरबसल्या काहीतरी” असे म्हणायचे नाही. “तिचं दागिन्यांचं दुकान आहे,” एवढेच पूर्ण वाक्य म्हणायचे. दुकानाचे नावही सांगायचे.

आणि दुकान चालले नाही तर? न चालो. पेढ्याही बुडतात, आपण पाहिल्या आहेत. पण ते कशामुळे चालले नाही हे वहीतून कळेल, आणि वही असलेली बाई दुसरे दुकान मांडू शकते. विरंगुळा म्हणून मांडलेले दुकान बंद पडले की फक्त “सांगितलं होतं ना” एवढेच ऐकायला मिळते.

दिवाळीला महावीर स्वामींचे निर्वाण कल्याणक, आणि त्याच दिवाळीला आपल्याकडे वहीपूजन. पाटावर पेढीच्या वह्या मांडतात, घरातले पुरुष कुंकवाने स्वस्तिक काढतात आणि आपण मागे ताट घेऊन उभ्या असतो. येत्या दिवाळीला त्याच पाटावर तुमची वही ठेवा. छोटी असू दे, शंभर पानी असू दे. पहिल्या पानावर दुकानाचे नाव, त्याखाली तुमचे नाव. स्वस्तिक तुम्ही स्वतः काढा. ज्या घरात सून आहे तिथे सासूने ती वही स्वतःच्या हाताने पाटावर ठेवावी, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

जय जिनेंद्र.